विहिरींतून काढलेलें हरिण कां मरतें ?



कांहीं वर्षांपूर्वीची, वैशाखांतली गोष्ट आहे. आमच्या कळमनुरी तालुक्याच्या एका बाजूस पैनगंगा आणि मधून कयाधू वाहते. दोहोंच्या दरम्यान काळ्या रानाचे पट्टे व मुरमाड माळ आळीपाळीनें लागतात. अशाच एका माळाच्या कडेला, कठडा नसलेल्या विहिरींत, रात्रीं केव्हां तरी एक हरिण पडलें. मागें गांवकुत्रीं लागलीं असावीं. पाणी गुडघाभरच होतें, म्हणून तें बुडालें नाहीं. रात्रभर भिंतीवर उड्या घेत राहिलें. उजाडल्यावर बातमी पसरली आणि पन्नास-साठ माणसें जमलीं. दोन धीट तरुण दोर घेऊन खालीं उतरले, हरिणाचे चारी पाय आवळून बांधले आणि त्याला वर ओढून घेतलें. एकच जल्लोष झाला. कोणी भ्रमणध्वनीवर छायाचित्रें घेऊं लागले, कोणी पाठीवरून हात फिरवूं लागले; आणि मीं, गांवचा जुना मास्तर या अधिकारानें पुढें होऊन, त्याचें तोंड उघडून तांब्यानें पाणी ओतलें.

हरिणाच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. तरी तिसऱ्या प्रहरीं त्याची लघवी काळपट तांबडी झाली, मागचे पाय लुळे पडले, आणि दिवस मावळण्यापूर्वीं तें मेलें. शेजारचा एक सातवींतला मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, आपण तर त्याला वांचवलें होतें ना ?"

या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं मला देतां आलें नाहीं. पुढें पशुवैद्यांस विचारून व पुस्तकें चाळून जें समजलें, तें आज आपणांस सांगणार आहें. मी कांहीं प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला माणूस आहें. तेव्हां साध्या शब्दांतच बोलेन.

प्रथम उन्हाचा विचार करूं. वैशाखांत आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. हरिणाच्या शरीराचें नेहमींचें तापमान सुमारें ३९ अंश असतें. म्हणजे भोंवतालची हवाच शरीराहून अधिक तापलेली. अशा वेळीं अंगांतील उष्णता हवेला देऊन टाकण्याचा मार्ग बंद होतो. उरतो तो एकच उपाय, तो म्हणजे पाण्याची वाफ करणें. आपल्याला घाम येतो, कुत्रें जीभ बाहेर काढून धापा टाकतें, कावळा चोंच वासून बसतो. या सर्वांचें मर्म एकच. माठांतलें एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणावयास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारें सातपट उष्णता तेवढेंच पाणी अंगावरून वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर घेऊन जातें. उपाय रामबाण खरा. परंतु त्याचें मोल पाण्यांत चुकवावें लागतें, आणि वैशाखांत माळावर नेमकें पाणीच दुर्मिळ असतें. म्हणून रानांतील जीवांची सारी युक्ति पाणी वांचविण्याकडे वळलेली दिसते.

बेडकांच्या कांहीं जाति ओल धरलेल्या मातींत खोल शिरतात आणि श्वास व हालचाल अगदीं मंद करून पाऊस पडेपर्यंत निजून राहतात. टिटवी उघड्या माळावर अंडीं घालते. तीं उन्हांत उकडून निघूं नयेत म्हणून ती पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून येते व तीं ओलीं पिसें अंड्यांवर धरते. उंटाची तऱ्हा आणखी निराळी. तहानलेल्या उंटाचें शरीर पहाटे ३४ अंशांपर्यंत थंड होतें आणि दुपारीं ४० अंशांच्या वर जातें, असें क्नूट श्मिट-नीलसन या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत सहाराच्या वाळवंटांत मोजून दाखविलें. दिवसा अंगावर घेतलेलें उष्णतेचें कर्ज उंट रात्रीं थंड हवेंत फेडतो, आणि तेंही पाण्याचा थेंब न खर्चतां.

आतां आपल्या हरिणाकडे येऊं. तें सकाळ-संध्याकाळ चरतें, भर दुपारीं सांवली धरून बसतें, लेंड्या कोरड्या टाकतें आणि लघवी दाट करून पाणी राखतें. शिवाय त्याच्या डोक्यांत एक विलक्षण योजना आहे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मेंदूच्या तळाशीं पोंचतांच असंख्य बारीक फांद्यांच्या जाळ्यांत विभागते. नाकांत श्वासानें थंड झालेलें रक्त हृदयाकडे परततांना या जाळ्याभोंवतीं खेळतें व मेंदूकडे जाणारें रक्त निववितें. आपल्या गोठ्यांतील शेळी-मेंढी व गाय यांच्या ठायींही हें जाळें असतें. पूर्वीं असें समजत कीं, याचा उपयोग केवळ मेंदू उन्हापासून वांचविण्यासाठीं आहे. आतां निराळें कळून आलें आहे. शरीराच्या तापमानावर लक्ष ठेवणारें केंद्र मेंदूंतच असतें. तें थंड राहिलें म्हणजे घाम व धाप यांची आज्ञा सौम्य होते, आणि पाण्याची बचत होते.

परंतु हीच योजना भीतीच्या क्षणीं थांबते. नू हा आफ्रिकेंतील, बैलासारख्या बांध्याचा पण हरिणाच्या गोत्रांतला प्राणी. मोकळ्या फिरणाऱ्या काळ्या नूंच्या मेंदूंत व रक्तवाहिनींत तापमापक बसवून केलेलें संशोधन १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. शांतपणें चरतांना त्यांचा मेंदू रक्ताहून थंड राही. तेच प्राणी पिटाळले गेले कीं, मेंदू थंड करण्याची ही क्रिया बंद पडे. म्हणजे जीव वांचविण्याची निकड आली असतां शरीर पाणी वांचविण्याचा विचार सोडून देतें.

भीति म्हणजे नुसता मनाचा खेळ नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथि असतात. संकट दिसतांच त्या ॲड्रिनॅलिन रक्तांत सोडतात; हृदय जोरानें धडधडूं लागतें, पोटाकडचें रक्त स्नायूंकडे वळतें. मागोमाग कॉर्टिसॉल नांवाचें दुसरें द्रव्य येतें व तें स्नायूंना इंधन पुरवीत राहतें. हॅन्स सेली यांनीं १९३६ सालीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, थंडी असो, जखम असो वा अतिश्रम असोत, शरीराची ही प्रतिक्रिया बव्हंशीं सारखीच असते, आणि ताण फार काळ टिकला तर शरीर शेवटीं खचतें.

प्राणी बाहेरून शांत दिसला म्हणजे तो आंतूनही शांत असतो असें नाहीं. १९५६ पर्यंत आमचा हा मुलूख ज्या राज्यांत मोडत असे, त्या राज्याच्या राजधानींत, म्हणजे हैदराबादेंत, आज वन्य प्राण्यांच्या रक्षणार्थ काम करणारी एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं कान्हा व बांधवगड येथील वाघांची विष्ठा तपासून २०१९ सालीं असें दाखविलें कीं, प्रवाशांच्या गाड्यांची वर्दळ असणाऱ्या काळांत वाघांच्या शरीरांत ताणाचीं द्रव्यें वाढलेलीं असतात. वाघासारख्या जनावरावर आपल्या नुसत्या वर्दळीचा एवढा परिणाम, तर पाय बांधून पन्नास माणसांच्या मध्यें पडलेल्या हरिणाचें काय होत असेल ?

येथें कोणी शंका घेईल कीं, लांडगा मागें लागला म्हणजे हरिण भितेंच; मग तें दर वेळीं मरत कां नाहीं ? शंका रास्त आहे. लांडग्याचा पाठलाग फार काळ चालत नाहीं. हरिण एक तर सांपडतें, नाहीं तर निसटतें. निसटलें म्हणजे सांवलींत उभें राहून दम घेतें. स्नायूंना पुन्हां पुरेसा प्राणवायु मिळतो, अंग निवतें. शरीराची ही सारी व्यवस्था संकट लौकर संपेल हें धरून चाललेली आहे. विहिरींत पडलेल्या हरिणाचें संकट मात्र संपत नाहीं. रात्रभर धडपड, पहाटे दोर, मग गर्दी, आरडाओरड, अंगावर हात. आपण ज्याला सुटका समजतों, तो त्याच्या दृष्टीनें शिकारी प्राण्यांच्या कळपानें केलेला विळखा असतो. बांधलेल्या पायांनींही तें मनांतून धांवतच असतें, आणि त्याचे स्नायु आवळत राहतात.

पुढें काय होतें तें ऐका. स्नायूंना प्राणवायु पुरेनासा होतो. त्यांत आम्ल सांचतें. अंगाचें तापमान ४२ अंशांच्या पुढें जाऊं शकतें. शेवटीं स्नायूंचे तंतूच फुटूं लागतात. त्यांतलें तांबडें द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडांत अडकतें, म्हणून लघवी काळवंडते. फुटलेल्या स्नायूंतील क्षार हृदयाची गति बिघडवितात. केनयांतील एका दुर्मिळ हरिणाच्या जातींत १९६४ सालीं या विकाराचें शास्त्रीय वर्णन प्रथम झालें. याला पकडीचा स्नायुविकार म्हणतां येईल. यानें कधीं घटकाभरांत, कधीं सोडून दिल्यावर चार दिवसांनीं, कोणाच्या नजरेआड मरण येतें. एकदां तो जडला म्हणजे त्यावर औषध फारसें चालत नाहीं. टाळणें हाच उपाय.

तो कसा टाळावा, हें सांगून भाषण पुरें करतों. विहिरींत जनावर दिसलें कीं, प्रथम वनविभागास कळवावें आणि गर्दी दूर सारावी. काढणारीं माणसें दोन-चारच असावींत, आणि तींही मुकीं. वर येतांच डोळ्यांवर काळें कापड टाकावें. अंधार झाला कीं निम्मी भीति ओसरते. सांवलींत ठेवावें. कुशीवर आडवें पाडूं नये, छातीवर बसतें ठेवावें, कारण रवंथ करणाऱ्या जनावराचें पोट फुगतें. तोंडांत बळेंच पाणी ओतूं नये. तें फुप्फुसांत जातें. माझ्या तांब्यानें त्या दिवशीं काय केलें असेल, हें मला आतां समजतें. हात फिरवूं नये, छायाचित्र घेऊं नये, आणि तें उभें राहण्याजोगें होतांच माळाकडची वाट मोकळी करून द्यावी.

आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे विहिरीला कठडा बांधणें. त्या विहिरीच्या मालकानें पावसाळ्यापूर्वीं कंबरभर उंचीचा कठडा घातला. दगड वाहणाऱ्यांत तो सातवींतला मुलगाही होता. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याला तेथेंच दिलें : "बाळ, आपण त्याला विहिरींतून काढलें होतें, भीतींतून काढलें नव्हतें."