गाडीतली हातोडी वेळेला कामी येईल काय?

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी काही माणसे बंद मोटारीत अडकून गुदमरून मेली. बाहेरून पाण्याचा दाब आला की दरवाजा ढकलूनही उघडत नाही, आणि पाणी शिरल्यावर बटणाच्या काचा कधी बंद पडतील याचा नेम नसतो. म्हणूनच पावसाळ्यात गाडीत काच फोडायची हातोडी ठेवा, असे सांगितले जाते.

आपल्या वस्तीतले कितीतरी भाऊ टॅक्सी चालवतात, कुणी साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. लग्नाकार्याला सारे कुटुंब भाड्याच्या गाडीत बसते. गाडी आपली नसली तरी त्यात बसलेला जीव आपला असतो. तेव्हा ही हातोडी भरवशाची आहे काय, हे पाहिलेच पाहिजे.

काच दोन प्रकारची असते. टेम्पर्ड काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. ती तडकते, पण जागची हलत नाही. समोरची काच लॅमिनेटेडच असते. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच येतात.

अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ साली अशी सहा साधने तपासली. चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड काचेतून मात्र एकालाही वाट करता आली नाही. हातोडीपेक्षा काचेवर टेकवून दाबायचे स्प्रिंगचे साधन सरस ठरले. पाण्याखाली हातोडीचा घाव जोरात बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून भावांनो, आजच गाडीच्या प्रत्येक काचेचा खालचा कोपरा पाहा. काच कोणती, ते बहुधा तिथे लिहिलेले असते. टेम्पर्ड काच कोणती, ते घरच्यांनाही दाखवून ठेवा. साधन डिकीत नको, बसल्या जागी हाताला लागेल असे ठेवा. घाव काचेच्या मध्यावर नको, कोपऱ्याजवळ घाला.

आणि गाडी पाण्यात गेलीच तर फोन करीत बसू नका. आधी पट्टा सोडा, लगेच काच खाली करा, मुलांना पुढे काढा आणि बाहेर पडा. गाडी तरंगते ती जेमतेम मिनिट-दोन मिनिटे. काच खाली होत नसेल, तरच हातोडी.

हातोडी जरूर घ्या. पण तिच्या भरवशावर भरलेल्या पाण्यात गाडी घालू नका. साहेबांना उशीर झाला तरी चालेल. घरी आपली वाट पाहणारे आहेत.