खुडणीचे शास्त्र आणि खुडणाऱ्यांचे हात : निपाणी-कागल परिसरातील तंबाखूच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वनस्पतीचा शेंडा खुडणे, बगलफूट काढणे, फांद्यांना वळण देणे या क्रिया मानवाने शास्त्राच्या आधी अनुभवातून आत्मसात केल्या. अंगणातील तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की झाड डेरेदार होते, शेवंतीचा शेंडा वेळीच मोडला की फुले अधिक येतात, हे घरातील वृद्ध स्त्रीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना ठाऊक असते. परसबागेतील हीच क्रिया जेव्हा नगदी पिकात होते, तेव्हा तिच्याशी बाजारभाव, मजुरी आणि आरोग्य यांचे प्रश्न जोडले जातात. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत, निपाणी व चिकोडी परिसरात आणि कागल तालुक्याच्या काही भागात होणारे विडी तंबाखूचे पीक हे याचे ठळक उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात खुडणीमागील वनस्पतिशास्त्रीय तत्त्व, तंबाखूच्या पिकातील तिचे प्रयोजन आणि खुडणी करणाऱ्या मजुरांवर होणारा तिचा परिणाम या तीन अंगांचा विचार केला आहे.

अग्रप्रभुत्वाची संकल्पना

बहुतेक वनस्पतींच्या खोडावर, प्रत्येक पानाच्या बगलेत, एक सुप्त कळी असते. शेंडा जोमाने वाढत असेपर्यंत या कळ्या फुटत नाहीत किंवा अत्यंत मंद गतीने वाढतात. शेंड्याच्या या वर्चस्वास वनस्पतिशास्त्रात अग्रप्रभुत्व असे म्हणतात. शेंडा नाहीसा झाला की वर्चस्व संपते आणि बगलेतील कळ्या फुटू लागतात.

कोल्हापूरच्या शेतकऱ्यास हे तत्त्व उसातून परिचित आहे. उभ्या उसाच्या कांड्यांवरील डोळे सुप्त असतात. उसाला तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते, डोळे जागे होतात आणि पांगशा फुटतात. पुढे उसात दशी पडते व साखरेचा उतारा घटतो. तुरा आलेला ऊस वेळीच तोडावा, हा शेतकऱ्यांचा आग्रह या अनुभवातूनच आलेला आहे.

या घटनेचे पहिले समाधानकारक स्पष्टीकरण १९३३ मध्ये थिमन व स्कूग या संशोधकांनी दिले. घेवड्याच्या वर्गातील बाकला या वनस्पतीचा शेंडा कापून कापलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावले असता बगलेतील कळ्या पूर्ववत दबून राहिल्या. शेंड्यात तयार होऊन खाली वाहणारे ऑक्झिन कळ्यांना रोखते, असा त्याचा अर्थ होता. तथापि ऑक्झिन स्वतः कळीत शिरत नाही, असे पुढे दिसून आले. म्हणजे त्याचा परिणाम अप्रत्यक्ष असला पाहिजे. मुळांकडून येणारे सायटोकायनिन कळीला वाढीस प्रवृत्त करते, तर स्ट्रायगोलॅक्टोन तिला आवरते. स्ट्रायगोलॅक्टोनची ही भूमिका २००८ मध्ये स्पष्ट झाली. ऑक्झिनमुळे पहिल्याचे प्रमाण कमी व दुसऱ्याचे अधिक राहते. २०१४ मध्ये वाटाण्यावरील संशोधनातून आणखी एक बाब पुढे आली. शेंडा खुडल्यानंतर कळीची पहिली हालचाल ऑक्झिन कमी होण्यापूर्वीच सुरू होते, कारण शेंड्याकडे जाणारी साखर तत्काळ बगलेतील कळ्यांकडे वळते. थोडक्यात, शेंड्याचे प्रभुत्व हुकमाचे आहे तसेच अन्नाच्या वाट्याचेही आहे.

खुडणीची दोन प्रयोजने

या तत्त्वाचा उपयोग दोन परस्परविरुद्ध हेतूंनी केला जातो. तुळस, शेवंती, जास्वंद किंवा तूर यांचा शेंडा खुडला जातो तो बाजूच्या फांद्या फुटाव्यात म्हणून. येथे खुडणीनंतर येणारी फूट हेच अपेक्षित फळ असते. तंबाखूमध्ये मात्र फूट नको असते. तेथे पान हेच उत्पादन असल्याने फुलोरा व बी यांकडे जाणारे अन्न पानांकडे वळवणे हा हेतू असतो. म्हणून फुलोरा दिसू लागताच शेंडा खुडला जातो. परंतु शेंडा जाताच निसर्गनियमानुसार प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा येतो आणि वाचवलेले अन्न तो खाऊ लागतो. परिणामी बगलफूट पुन्हा पुन्हा काढावी लागते. शेंड्याची खुडणी एकदाच होते, फुटव्यांची मात्र पीक कापणीस येईपर्यंत चालू राहते. तंबाखूच्या शेतीत मजुरीचा मोठा भाग या एका कारणाने खर्च होतो. डेकॅनॉलसारखी मेदयुक्त अल्कोहोले किंवा मॅलिक हायड्राझाइड यांच्या साहाय्याने फुटवे रोखता येतात. तथापि लहान शेतकऱ्याच्या शेतात हे काम हातांनीच होते.

येथे गांजाच्या झाडाचा उल्लेख करणे उचित ठरेल, कारण मादक वनस्पतींच्या लागवडीत खुडणी व छाटणीचे ज्ञान जुने आहे. भारतीय भांग-गांजा आयोगाने १८९३-९४ मध्ये केलेल्या चौकशीच्या काळात मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होती. या झाडात नर व मादी रोपे वेगळी असतात. मादक द्रव्य मादी फुलोऱ्यावरील ग्रंथिल केसांत असल्यामुळे बीजधारणा होऊ नये म्हणून नर रोपे काढून टाकली जात. म्हणजे तंबाखूत फुलोरा काढून पान राखायचे, तर गांजात पान गौण मानून फुलोरा राखायचा, असा हा भेद आहे. कायद्याने या दोन वनस्पतींची वाट पूर्णपणे वेगळी केली. १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कलम ८ नुसार गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध आहे आणि कलम २० नुसार त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाळगलेल्या मालाला लावली जाणारी अल्प प्रमाणाची सवलत लागवडीला लागू नाही. त्यामुळे परसबागेतील एक झाडही या तरतुदीतून सुटत नाही. याउलट तंबाखू कर भरून खुलेपणाने पिकवला व विकला जातो.

निकोटिनचे जन्मस्थान

तंबाखूच्या खुडणीचा दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा आहे. खुडणीनंतर पानातील निकोटिन वाढते. विडीच्या तंबाखूला जो कडकपणा लागतो, त्याचे मूळ येथे आहे. निकोटिन पानात साठत असले तरी ते पानात तयार होत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकी संशोधक रे डॉसन यांनी तंबाखू व टोमॅटो यांची परस्परांवर कलमे करून हे दाखवून दिले. टोमॅटोच्या मुळांवर वाढवलेल्या तंबाखूच्या पानांत निकोटिन जवळजवळ आढळले नाही. उलट तंबाखूच्या मुळांवर वाढवलेल्या टोमॅटोच्या पानांत ते साठले. म्हणजेच निकोटिन मुळांत तयार होऊन पाण्याबरोबर काष्ठवाहिन्यांतून वर चढते.

शेंडा खुडला की दोन गोष्टी घडतात. शेंड्याकडून मुळांकडे जाणारा ऑक्झिनचा प्रवाह खंडित होतो, आणि जखमेमुळे जॅस्मोनेट या संकेतद्रव्याची निर्मिती वाढते. दोहोंचा परिणाम म्हणून मुळांतील निकोटिननिर्मिती वाढते. वनस्पतीच्या दृष्टीने पाहता शेंडा खाणारा प्राणी किंवा कीड आली आहे, असा हा संदेश असतो आणि निकोटिन हे तिचे संरक्षक विष असते. शेतकऱ्याची खुडणी म्हणजे या संरक्षणव्यवस्थेस मुद्दाम दिलेली चेतावणी होय.

खुडणाऱ्यांचे आरोग्य

येथून विषय वनस्पतिशास्त्राच्या कक्षेबाहेर जातो. खुडणी व फुटवे काढण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. तंबाखूच्या पानावरील ग्रंथिल केसांतून चिकट द्रव पाझरतो आणि काम करताना हातांवर त्याचा काळपट थर चढतो. निकोटिन पाण्यात सहज विरघळते व त्वचेतून शरीरात शिरते. पहाटेच्या दवाने किंवा अवेळी पडलेल्या पावसाने पाने ओली असतील, तर हात, दंड व पदर भिजून हे शोषण वाढते. मळमळ, वांती, चक्कर, डोकेदुखी आणि अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. वैद्यकात यास हिरव्या तंबाखूचा आजार म्हणतात. १९७० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील मजुरांच्या संदर्भात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे त्याच दशकात अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने गुजरातमधील तंबाखू मजुरांच्या आरोग्याचा अभ्यास हाती घेतला.

या आजाराची एक विशेष बाब लक्षात घेण्यासारखी आहे. धूम्रपान करणाऱ्या मजुराच्या शरीरास निकोटिनची सवय झालेली असल्याने त्यास हा त्रास तुलनेने कमी जाणवतो. व्यसन नसलेली व्यक्ती अधिक बाधित होते. आपल्या परिसरात अनेक स्त्रिया मिश्री लावतात. त्यामुळे काहींना लक्षणे जाणवत नाहीत, तर काहींच्या बाबतीत ती उन्हाचा त्रास, पित्त किंवा उपवासाचा परिणाम म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा संभव राहतो. लक्षणे एक-दोन दिवसांत ओसरत असल्याने रुग्ण दवाखान्यात पोहोचत नाही आणि नोंदही होत नाही. जो आजार नोंदला जात नाही, त्याच्या प्रतिबंधासाठी कोणतीही यंत्रणा उभी राहत नाही.

प्रतिबंधाचे उपाय मात्र साधे आहेत. दव वाळल्यानंतर काम सुरू करणे, पाणी न शोषणारे हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरणे, भिजलेले कपडे त्वरित बदलणे, जेवणापूर्वी व कामानंतर साबणाने हात धुणे, तसेच गर्भवती स्त्रिया व मुले यांना या कामापासून दूर ठेवणे, हे ते उपाय होत. परंतु दव वाळण्याची वाट पाहणे म्हणजे मजुरीचे तास गमावणे. म्हणूनच हा प्रश्न केवळ प्रबोधनाने सुटणारा नाही. त्याचा संबंध मजुरी कशी मोजली जाते याच्याशी आहे.

दराचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न

निपाणीच्या तंबाखूस सामाजिक संघर्षाचा इतिहास आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी दरासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर आंदोलन केले. एप्रिल महिन्यात झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. या आंदोलनाने उत्पादकाच्या घामाचे मोल हा प्रश्न ऐरणीवर आणला. मात्र उत्पादन खर्चाच्या हिशेबात खुडणी ही मजुरीच्या आकड्यापुरतीच दिसते. ती करणाऱ्या शरीरावर पडणारा भार त्या हिशेबात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आराखडा कराराच्या कलम १७ मध्ये तंबाखू उत्पादक व कामगारांसाठी पर्यायी उपजीविकेचा, तर कलम १८ मध्ये लागवड व निर्मितीशी संबंधित व्यक्तींच्या आरोग्याच्या संरक्षणाचा विचार आहे. भारताने या करारास २००४ मध्ये मान्यता दिली. तंबाखूविरोधी प्रचाराचा भर मात्र सेवन करणाऱ्यावर राहिला असून खुडणाऱ्याचा विचार तुलनेने अल्प झाला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की खुडणी ही वरवर किरकोळ वाटणारी क्रिया वनस्पतीच्या अंतर्गत व्यवस्थेत दूरगामी बदल घडविते. तुळशीच्या बाबतीत त्या बदलाचे फलित डेरेदार झाड हे असते. तंबाखूच्या बाबतीत ते पानातील वाढलेले निकोटिन असते, आणि त्या वाढीचा पहिला स्पर्श विडी ओढणाऱ्यास नव्हे, तर फुटवे काढणाऱ्या स्त्रीच्या हातास होतो. ज्या गुणासाठी व्यापारी दर देतो, तोच गुण तिच्या मळमळीचे कारण ठरतो.

कोल्हापूर व सीमाभागातील महाविद्यालयांत या शेतमजुरांच्या घरांतील विद्यार्थी शिकतात. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे खुडणीच्या हंगामात मजुरांच्या तक्रारींची पद्धतशीर नोंद केल्यास या दुर्लक्षित आजाराचे स्थानिक स्वरूप समोर येऊ शकेल. अग्रप्रभुत्वाचा धडा वर्गात शिकविताना बाकला व वाटाणा यांबरोबर विद्यार्थ्याच्या आईच्या काळवंडलेल्या बोटांचाही उल्लेख व्हावा, इतकी निकड या विषयास निश्चितच आहे.