‘बालायाज’ आपल्याला मानवेल का?

घरात लग्नकार्य निघाले, की साड्या-दागिन्यांबरोबर केसांचाही विचार सुरू होतो. अलीकडे त्या विचारात ‘बालायाज’ हा फ्रेंच शब्द येऊन बसला आहे. ‘झाडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. अंगणातून केरसुणी फिरावी, तसा ब्रश बटांवरून मोकळ्या हाताने फिरवायचा, ही त्यातली कल्पना. १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये ही पद्धत पुढे आली. मुळाशी केस मूळ रंगाचे राहतात आणि टोकांकडे उन्हाने उजळल्यासारखे दिसतात.

हे आपल्याला शोभेल का, असे आपण आरशाला विचारता. तो प्रश्न आधी केसांना विचारलेला बरा.

आपल्यापैकी बहुतेकांचे केस काळे असतात, आणि काळ्यावर फिका रंग चढत नाही. म्हणून येथे रंग लावण्यापूर्वी तो काढावा लागतो. ब्लीच केसांच्या आत शिरून मेलॅनिन हे रंगद्रव्य नष्ट करते. केस प्रथम तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी पिवळट होतात. जितके पुढे जावे, तितके केस कोरडे व ठिसूळ होतात. तेव्हा कॉफीच्या किंवा तांबूस तपकिरी छटेवर समाधान मानणे शहाणपणाचे. सोनेरी केसांचा हट्ट धरल्यास ब्लीचची मात्रा आणि बैठकी दोन्ही वाढतात.

दुसरा प्रश्न मेंदीचा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीच्या टोकाशी चार-पाच वर्षांपूर्वीचा केस असतो. तेव्हा लावलेल्या मेंदीचा रंग अजून त्याला धरून असू शकतो आणि ब्लीच केल्यावर नारिंगी उमटू शकतो. काही तयार मेंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग झाल्यास केस तापून तुटू शकतात. म्हणून आजवर काय काय लावले, ते पार्लरमध्ये संकोच न करता सांगावे आणि आधी एका लहान बटेवर प्रयोग करून घ्यावा.

घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. निरोगी केस थोडा ताणून पूर्ववत होतो. तो चटकन तुटला, किंवा ताणलेलाच राहिला, तर तूर्त थांबावे.

त्वचेचाही विचार हवा. वापरावयाच्या रंगाचा थेंब कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. पूर्वी काळ्या मेंदीने हातावर फोड आले असतील, तर केसांच्या रंगातील त्याच द्रव्याने पुन्हा त्रास होण्याचा संभव असतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

या पद्धतीची सोयही मोठी आहे. मुळाशी रंगाची स्पष्ट रेषा नसल्याने नवे केस वाढले तरी खटकत नाही. सगळे केस रंगवणाऱ्यांना दर चार-सहा आठवड्यांनी मुळे रंगवावी लागतात. येथे तीन-चार महिने सहज निभावतात. मात्र छटा त्याआधीच तांबूस पडू लागते आणि ती सुधारून घेण्याचा खर्च येतो. पांढरे केस झाकणे हाच हेतू असेल, तर केवळ बालायाजने तो साधत नाही, कारण ते मुळांना स्पर्शच करत नाही.

कातडी खरचटली तर भरून येते. केस निर्जीव असल्याने एकदा बिघडला की भरून येत नाही, कापावाच लागतो. तेव्हा कार्य तोंडावर आले असता प्रथमच हा प्रयोग करू नये. हाती दोन महिने असतील, केस बळकट असतील आणि छटा माफक हवी असेल, तर आनंदाने करावा. नसेल, तर तेल लावून घातलेली काळीभोर वेणी आणि तिच्यावर मोगऱ्याचा गजरा, एवढा साज लग्नघराला पुरेसा आहे.