पिशवी गेली, कागद कुठे आहे?

पाळी गेल्यानंतर स्त्रियांना हार्मोनची औषधे दिली जातात. अमेरिकेत २००३ पासून या औषधांवर एक ठळक चौकट छापली जात होती. हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, स्मृतिभ्रंश यांचा धोका सांगणारी! नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने हे इशारे काढून टाकण्याचे जाहीर केले. बावीस वर्षे बायकांना घाबरवले आणि आता सांगतात, एवढे भिण्याचे कारण नव्हते. शिकलेली, पैसेवाली बाई आपल्या डॉक्टरला विचारून घेईल. जिच्या हातात कोयता आहे तिचे काय?

कोयत्याचे नाव मुद्दाम घेतले आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत घरी बसले तर मुकादम खाडा लावतो. अंगावरून जाते म्हणून दवाखाना गाठला तर 'कॅन्सर होईल, पिशवी काढा' म्हणतात. भूमिहीन दलित, भटक्या आणि इतर बहुजन घरांतल्या या बायका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पिशवी काढण्याचे मध्यम वय ३४ निघाले. एरवी आपल्याकडे पाळी ४६-४७ च्या सुमारास जाते. म्हणजे दहा-बारा वर्षे आधीच!

पिशवी काढली म्हणजे फक्त पाळी थांबली, असा समज आहे. पण पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश काढले तर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकाएकी बंद होते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, सांधे धरतात, चिडचिड होते. पुढे हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश ठेवले तरी पाळी जाण्याची अवस्था काही वर्षे लवकर येऊ शकते. एरवी पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, अशा बाईला हार्मोन द्यावे, हा वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला आहे. तो किती जणींना सांगितला गेला?

मग ती चौकट आली कुठून? २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातली एक चाचणी मध्येच थांबवली गेली. त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्या दोन हार्मोन घेत होत्या. १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ जणींना जादा स्तनाचा कर्करोग झाला. पिशवी काढलेल्या स्त्रियांची चाचणी वेगळी होती. त्यांना एकटे इस्ट्रोजेन दिले होते. पक्षाघाताचे प्रमाण वाढल्याने २००४ मध्ये तीही थांबवली, पण स्तनाचा कर्करोग त्यात वाढला नव्हता. साठी ओलांडलेल्या बायकांवरचा निष्कर्ष पस्तिशीतल्या बाईला लावला गेला. जिला औषधाची सर्वात जास्त गरज, तिच्यापर्यंत औषध आले नाही, भीती मात्र आली.

आता काही गोष्टी वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत हव्यात. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे हार्मोन लागतेच. एकटे इस्ट्रोजेन घेतले तर पिशवीचे अस्तर वाढून कर्करोगाचा धोका असतो. पिशवी नसेल तर बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते. त्वचेवर लावायची जेल किंवा पट्टी घेतली तर रक्ताच्या गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गाठ होऊन गेली असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, कारण न कळता रक्त जात असेल, तर डॉक्टरला आधी सांगा.

डॉक्टरने डोस बदलला, गोळीची पट्टी केली, तर शरीर लगेच जुळवून घेत नाही. स्तन दुखतात, मळमळते, थोडे रक्त दिसते. साधारण तीन महिने द्यावे लागतात. त्यानंतरही रक्त जात राहिले, किंवा पाळी पूर्ण गेलेली असताना नव्याने जाऊ लागले, तर तपासणी टाळू नका. औषध एकदम तोडले तर वाफा पुन्हा उसळू शकतात. इथेच ऊसतोडीची खरी अडचण आहे. गाव बीडमध्ये, फड पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. सहा महिन्यांच्या हंगामात गोळ्या संपल्या की नवी चिठ्ठी देणार कोण? म्हणून निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाचे औषध आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर घ्या. सरकारी आरोग्य केंद्रानेच ते द्यावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

पण औषध ठरवायचे तर आधी कळले पाहिजे की शस्त्रक्रियेत काढले काय? बहुतेक बायकांना एवढेच ठाऊक असते की 'पिशवी काढली'. दवाखान्याचा कागद कुठे तरी गेलेला असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची नोंद डॉक्टरने तीन वर्षे जपायची असते आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. तीन वर्षे उलटली असतील तरी सोनोग्राफीत बीजांडकोश आहेत की नाहीत ते बहुधा कळते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना बजावले. मात्र ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे काय?

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ते म्हणाले. कष्टकरी बाईच्या शरीराची जबाबदारी समाजाची आणि शासनाची आहे, हा त्याचा अर्थ. ऑक्टोबरमध्ये टोळ्या निघण्याआधी आपल्या महिला मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पिशवी काढलेल्या बायकांची यादी करावी, त्यांचे कागद मिळवावेत आणि त्या यादीसह जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दारात उभे राहावे.