कटिशूल आणि पाठीच्या स्नायूंचे वर्तन

उभा असलेला निरोगी मनुष्य कमरेतून पुढे वाकू लागला, म्हणजे पृष्ठवंशाच्या दोन्ही अंगांस असलेले इरेक्टर स्पायनी हे स्नायू क्रियाशील होतात. वाकण्याची क्रिया मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने घडत असली, तरी धड एकदम कोसळू नये म्हणून त्यास आवरून धरण्याचे कार्य या स्नायूंचे होय. मात्र वाकणे पूर्णत्वास येऊ लागले, की त्यांच्यातील विद्युत्‌क्रिया ओसरते व पुष्कळदा जवळजवळ थांबते. फ्लॉइड आणि सिल्व्हर या इंग्रज संशोधकांनी १९५१ व १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या घटनेचे सविस्तर विवेचन केले. या अवस्थेत धडाचा भार ताणलेले अस्थिबंध, मणक्यांमधील चकत्या आणि स्नायूंचा निष्क्रिय ताण यांवर पडतो. काही अंशी तो खोलवरचे स्नायूही उचलतात.

दीर्घकालीन कटिशूल असलेल्या अनेक रुग्णांत ही शांतता आढळत नाही. पूर्ण वाकल्यावरही त्यांचे स्नायू आकुंचित राहतात. असे का व्हावे, याविषयी दोन उपपत्ती दीर्घकाळ प्रचलित होत्या. पहिलीनुसार वेदनेमुळे स्नायू आखडतो आणि आखडलेला स्नायू अधिक वेदना निर्माण करतो; म्हणजे हे एक दुष्टचक्र होय. दुसरी उपपत्ती लुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडली. तीनुसार वेदनेमुळे हालचाल घडविणाऱ्या स्नायूंची क्रिया घटते, विरोधी स्नायूंची वाढते, आणि त्यायोगे हालचाल संथ व मर्यादित होते.

या दोन्ही उपपत्तींना प्रत्यक्ष निरीक्षणे पूर्णपणे जुळत नाहीत. पहिली खरी असती, तर रुग्णाचे स्नायू सर्वच कार्यांत अधिक क्रियाशील दिसावयास हवे होते. प्रत्यक्षात ते कोठे अधिक, तर कोठे कमी क्रियाशील दिसतात. दुसरीने अपेक्षिलेला बदलही सर्व रुग्णांत सारखा आढळत नाही. म्हणूनच व्हान डीएन प्रभृतींनी २००३ साली असे प्रतिपादन केले, की हे बदल पृष्ठवंशास स्थैर्य देण्यासाठी घडत असावेत. हॉजेस व टकर यांनी २०११ साली हा विचार पुढे नेला. त्यांच्या मते वेदना स्नायूस केवळ उत्तेजित किंवा मंद करीत नाही. स्नायूंच्या आत आणि स्नायूस्नायूंमध्ये ती कार्याची फेरवाटणी करते. ही वाटणी तात्पुरती संरक्षक ठरली, तरी दीर्घकाळ टिकल्यास पृष्ठवंशावरील भार वाढून अपायकारक होण्याचा संभव असतो.

या विवेचनाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. आखडणे हेच वेदनेचे मूळ मानल्यास स्नायू शिथिल करणे हाच उपचार ठरेल. परंतु ते आखडणे जर पृष्ठवंशाचे रक्षण करीत असेल, तर पर्यायी आधार उभा न करता ते नाहीसे करणे कितपत इष्ट, असा प्रश्न उद्भवतो. पुनर्वसनानंतर काही रुग्णांत पूर्ण वाकण्यातील शांतता पुन्हा प्रकट झाल्याचे आढळले आहे. तेव्हा हा बदल कायमचा असतोच असे नाही.

मापनाची एक मर्यादाही येथे ध्यानी घेतली पाहिजे. त्वचेवर लावलेल्या विद्युदग्रांनी मुख्यतः वरवरच्या स्नायूंची क्रिया नोंदली जाते. मल्टिफिडससारख्या स्नायूच्या खोल तंतूंसाठी सूक्ष्म तारा आत घालाव्या लागतात. यास्तव एका आलेखावरून सर्व पाठीविषयी, किंवा एका रुग्णावरून सर्व रुग्णांविषयी, अनुमान काढणे युक्त ठरणार नाही.