मनुष्यव्यापार आणि संमतीचा प्रश्न

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई केली आहे. पुढील कायद्यांत हे साहचर्य टिकले नाही. १९५६ चा कायदा स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापारापुरताच होता. वेठबिगारासाठी १९७६ साल उजाडावे लागले.

२००० सालच्या पालेर्मो कराराने कृती, साधन व हेतू असे तीन घटक मानले. बळजबरी, फसवणूक वा अगतिकतेचा गैरफायदा यांपैकी एखादे साधन सिद्ध झाले की संमतीस अर्थ उरत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत साधनही सिद्ध करावे लागत नाही.

खरी अडचण येथेच आहे. ऊसतोडीस निघणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, ती स्वखुशीनेच. मग बळजबरी कोठली? प्रत्येक उचल म्हणजे अपव्यापार, असे मानणे अतिव्याप्तीचे होईल. परंतु ती फिटेपर्यंत काम सोडण्याची मुभाच नसेल, तर त्या खुशीस कायद्याने किती किंमत द्यावी? आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्यायमूर्ती भगवती यांनी भूक व दारिद्र्य यांतून येणारी अगतिकता हीही सक्तीच मानली, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम २३ व्या अनुच्छेदाखाली आणले.

२०१३ साली दंडसंहितेच्या कलम ३७० ने पीडिताची संमती निरर्थक ठरविली खरी, पण शोषणाच्या व्याख्येत सक्तीच्या मजुरीचे नाव घातले नाही. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेने तीत भिक्षावृत्तीची भर घातली. सक्तीची मजुरी मात्र वेगळ्याच कलमात राहिली. तेथे शिक्षा फार तर एक वर्षाची, अपव्यापारास किमान सात वर्षांची.