वेण्णारचे पाणी आणि कर्जाचा हिशेब

तंजावर जिल्ह्यातील कल्लणै येथे कावेरीतून वेण्णार नदी फुटते. समुद्राजवळच्या तिच्या सखल पट्ट्यात पुराचे पाणी भातशेतीत साचून राहते व खारे पाणी आत शिरते. ही आपत्ती कितीही खरी असली, तरी केवळ तिच्या वर्णनावर कर्ज मिळत नाही. बांध किती उंच, दरवाजे कोठे, खर्च किती, हे आधी ठरावे लागते. त्यात मागील पुरांबरोबरच वाढत्या समुद्रपातळीचाही विचार करावा लागतो. अशी योजना सिद्ध झाल्यावर २०१६ साली आशियाई विकास बँकेने वेण्णारसाठी १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. परंतु देखभालीची तरतूद नसेल, तर गाळ पुन्हा साचेल, पाणी तुंबेल आणि हप्ते मात्र चालूच राहतील.